विंचवाचे विष आणि उद्धरणांचा बाजार

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत आज वैद्यकीय महाविद्यालयांची वाण राहिलेली नाही. मिरजेचे शासकीय महाविद्यालय १९६२ पासून चालू आहे. कराडला कृष्णा संस्थेचे महाविद्यालय १९८४ साली निघाले, सांगलीत भारती विद्यापीठाचे आहे, आणि साताऱ्यालाही अलीकडे शासकीय महाविद्यालय मिळाले. अशा प्रत्येक संस्थेत एक हिशेब सतत मांडला जात असतो. कोणत्या प्राध्यापकाचे किती शोधनिबंध छापून आले, कोणत्या नियतकालिकात आले, आणि जगातील इतर संशोधकांनी ते आपल्या लेखनात किती वेळा उद्धृत केले, याचा तो हिशेब. बढती त्यावर अवलंबून असते, देशपातळीवरील क्रमवारी त्यावर अवलंबून असते, आणि क्रमवारीवर संस्थेची बाजारातील पत.

हा विद्वानांचा घरगुती मामला आहे असे समजून चळवळीतील कार्यकर्ता त्याकडे पाठ फिरवतो. ही उपेक्षा महागात पडणारी आहे. डॉक्टर ज्या देहांवर शिकतो ते देह बहुतांशी गरिबांचे असतात. त्या शिक्षणातून व अनुभवातून निर्माण होणारे ज्ञान कोणत्या प्रश्नांकडे वळावे हे जर उद्धरणांची संख्या ठरवणार असेल, तर त्याचे परिणाम शेतमजुराच्या झोपडीपर्यंत पोहोचणारच.

या मापाची परीक्षा घ्यावयाची तर महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरमार्गे महाडला जावे लागेल. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून दाखल झाले. पश्चिम महाराष्ट्रात आढळणारा लाल विंचू चावला की धडधाकट माणूस, विशेषतः लहान मूल, दोन दिवसांच्या आत दगावते, हे त्या भागात सर्वांना ठाऊक होते. ते का दगावते आणि त्यावर काय करावे, हे मात्र पाठ्यपुस्तके धडपणे सांगत नव्हती. रुग्णाला दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब प्रथम वाढतो, पुढे हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते आणि तोंडातून फेस येऊ लागतो. बावस्करांनी रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून या पायऱ्या टिपल्या. धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांवरील त्यांचा निबंध १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. विंचवाचे विष शरीरातील चेतातंतूंना बेफाम करते, त्यातून रक्तवाहिन्या आवळल्या जातात व हृदयावर असह्य भार येतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन वापरून पाहिले. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी आधीपासूनच मिळणारी ही स्वस्त गोळी होती. त्यासंबंधीचे त्यांचे टिपण १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच छापून आले. गंभीर दंशाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले, असे त्यांच्या कामाविषयी सांगितले जाते.

या कामाची आणखी एक बाजू आहे, आणि शास्त्रीय प्रामाणिकपणाच्या दृष्टीने ती अधिक मोलाची ठरावी. प्राझोसिनशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले होते. तरीही नुसते प्राझोसिन आणि प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष, अशी तुलना त्यांनी पुढे महाडलाच करून पाहिली. जोडीने दिलेल्या औषधांनी रुग्ण लवकर बरे होतात, हा निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या कीर्तीला मुरड घालणारा निष्कर्ष स्वतःच छापून आणणारे संशोधक मोठ्या शहरांतील मोठ्या प्रयोगशाळांतही विरळाच सापडतील. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आता हेच काम उद्धरणांच्या तराजूत घालून पाहावे. एखाद्या निबंधाचा उल्लेख किती वेळा होईल हे त्या विषयावर जगात किती माणसे लिहीत आहेत यावर प्रथम अवलंबून असते. कर्करोगावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा हजारोंनी आहेत, त्यांच्यामागे औषध कंपन्यांचे भांडवल आहे. विंचू चावतो तो अनवाणी माणसाला. त्याच्यासाठी नवे औषध काढून कोणाचा नफा वाढत नाही. त्यामुळे विंचवावर लिहिणारे थोडे, आणि लिहिणारे थोडे म्हणून उद्धृत करणारेही थोडे. महाडच्या निबंधामुळे ज्याचे मूल वाचले तो बाप ‘लॅन्सेट’मध्ये लिहीत नसतो. ज्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर ती गोळी देतो तोही लिहीत नसतो. उपयोग जितका खालच्या थरात, तितकी त्याची नोंद कमी, असा या मापाचा स्वभाव आहे.

हे माप मुळात माणसे जोखण्यासाठी जन्मालाच आले नव्हते. युजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थांनी १९५५ साली उद्धरणांची सूची करण्याची कल्पना मांडली. शास्त्रीय वाङ्मयाच्या जंगलात वाट सापडावी आणि ग्रंथपालांना नियतकालिके निवडता यावीत, हा तिचा हेतू. ज्याला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ म्हणतात तो आकडा तर नियतकालिकाचा आहे. मागील दोन वर्षांत त्यात आलेल्या लेखांना चालू वर्षात सरासरी किती उल्लेख मिळाले, एवढेच तो सांगतो. त्यातील एखाद्या लेखाचे वा लेखकाचे मोल तो सांगत नाही. २००५ साली हर्श यांनी व्यक्तीसाठी एच-निर्देशांक काढला आणि मग संशोधकाच्या आयुष्याचे एका अंकात रूपांतर करण्याची सोयच झाली.

गारफील्ड यांना स्वतःला या मापाच्या मर्यादा कळत होत्या, असे म्हणण्यास आधार आहे. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी पटकीचे जंतू आतड्यात विष सोडतात हे १९५९ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. पटकीच्या उपचाराची दिशा बदलणारा तो शोध होता. पुढे कित्येक वर्षे त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. डे १९८५ साली वारले, आणि १९८६ साली त्यांच्या उपेक्षेवर सविस्तर लेख लिहिला तो खुद्द गारफील्ड यांनी. दोन वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्या मापाला डे दिसले नसते.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने कबूल केली पाहिजे. निबंध मोजण्याची पद्धत येण्यापूर्वी महाविद्यालयांत काही रामराज्य नव्हते. वशिला, जात, संस्थाचालकाची मर्जी यांवर बढत्या होत, आणि आजही होत नाहीत असे नाही. बाहेरच्या कोणी तरी तपासलेला, छापील पुरावा मागणे ही त्या मानाने सुधारणाच होती. ज्याच्यामागे कोणी नाही अशा हुशार बहुजन डॉक्टरला त्यातून दाद मागण्याचे एक साधन मिळाले. म्हणून मोजणीच नको, अशी भूमिका समाजवाद्यांना घेता येणार नाही. काय मोजायचे आणि कोणी ठरवायचे, वाद त्याचा आहे.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ साली अध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांची अट काटेकोर केली तेव्हा रुग्णवृत्तांत हा प्रकार जमेस धरला नाही. पुढे या नियमांत दुरुस्त्या झाल्या. पण दृष्टी कळून आली. खेड्यातील डॉक्टरची संशोधक म्हणून पहिली पायरी रुग्णवृत्तांत हीच असते. एक रोगी वेगळा दिसला, तो का, हे लिहून ठेवण्यातून पुढचे सारे सुरू होते. ती पायरी काढून घेऊन ‘संशोधन करा’ म्हणणे म्हणजे पाय बांधून शर्यतीत उतरवणे होय. वेळ नाही, सहायक नाहीत, बाह्यरुग्ण विभागात रांग संपत नाही, आणि निबंध तर हवाच. मग बाजार पुढे सरसावतो. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके निघतात आणि एकमेकांची नावे निबंधात घालण्याचे व्यवहार होतात. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीची छाननी करून तीतील पुष्कळ नियतकालिके दर्जाहीन असल्याचे दाखवले. त्याच वर्षी आयोगाला ४,३०५ नावे यादीतून काढून टाकावी लागली. सरकारमान्य यादीची ही कथा!

दुसरे टोकही तितकेच बोलके आहे. डॉ. समीरन नंदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांच्या २००५ ते २०१४ या दहा वर्षांतील लेखनाचा आढावा घेतला. ३३२ संस्थांतून त्या काळात एकही निबंध निघाला नव्हता. वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या २५. शुल्क घेण्याचे काम मात्र बहुधा कोठेच थांबले नसावे.

आता पुन्हा घाट चढून साताऱ्यास यावे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांनी वैद्यकाचे शिक्षण मिरजेस घेतले आणि वैद्यकीय व्यवसाय साताऱ्यात केला. उद्धरणांच्या कोणत्याही सूचीत त्यांचे स्थान शोधू जाता हाती काही लागेल असे वाटत नाही. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यानंतर प्रथम वटहुकूम म्हणून व डिसेंबरमध्ये अधिनियम म्हणून आला. त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप वा विंचू चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्राकडे नेणे हा गुन्हा ठरवलेला आहे. महाडच्या डॉक्टरने गोळी शोधली, आणि रोगी त्या गोळीपर्यंत पोहोचावा यासाठी साताऱ्याच्या डॉक्टरने कायदा मागितला. ही दोन्ही कामे एकाच साखळीची आहेत. आजचा तराजू पहिल्याचे काही वजन नोंदवतो, दुसऱ्याचे शून्य.

या दोन जिल्ह्यांत न विचारलेले प्रश्न कमी नाहीत. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेले बत्तीस शिराळा सांगली जिल्ह्यातच आहे. सर्पदंशाने देशात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसे मेली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुळा आदिवासींची सहकारी संस्था पुरवते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते हे आता माहीत झालेले आहे. तेव्हा तिकडच्या विषावर बनलेले औषध वारणा-कृष्णाकाठच्या घोणसावर कितपत चालते, हा प्रश्न मिरज-कराडने विचारायचा नाही तर कोणी? सहकाराच्या या भूमीतील संस्थांना त्यात परकेही काही नाही.

आणि ऊसतोड. दरवर्षी बीडकडून टोळ्या येतात, पाचटाच्या कोप्यांत जमिनीवर निजतात, आणि पट्टा पडला की जातात. या स्त्रियांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न वृत्तपत्रे व महिला संघटनांनी धसास लावला तेव्हा २०१९ साली सरकारने समिती नेमली. तिच्यासमोर बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती आली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. याच स्त्रिया सातारा-सांगलीच्या फडांत वर्षानुवर्षे राबल्या आहेत. रुग्णालये व वैद्यकशास्त्राचे विभाग त्यांच्यापासून काही कोसांवर होते.

कार्यकर्त्यांनी या हंगामात दोन गोष्टी हाती घ्याव्यात. तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दंशाच्या रुग्णांची नोंदवही कशी ठेवली जाते, आणि प्राझोसिन व प्रतिविष शिल्लक आहे काय, हे पाहावे. आणि चारही महाविद्यालयांच्या प्रमुखांना लेखी विचारावे: गेल्या पाच वर्षांत या दोन जिल्ह्यांतील कोणत्या रोगांवर, कोणत्या कष्टकऱ्यांमध्ये अभ्यास झाला, आणि त्याचा निष्कर्ष मराठीत कोठे वाचावयास मिळेल? शासकीय महाविद्यालयांना हा प्रश्न माहितीच्या अधिकारात टाकता येतो, त्यास दहा रुपये शुल्क पडते.