यंत्र बंद पडल्यावर

ता. २५ जुलै २०२२ रोजीं पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत, कडबनवाडी गांवच्या शेतांत एक लहान विमान कोसळलें. एका इंजिनाचें, दोन आसनांचें तें ‘सेस्ना १५२’ जातीचें विमान. त्यांत वैमानिकाचें शिक्षण घेणारी बावीस वर्षांची एक मुलगी एकटीच होती. इंजिनाची शक्ति गेली, विमान मोडलें, मुलगी मात्र किरकोळ जखमांवर निभावली. अशा वेळीं ‘दैव बलवत्तर’ एवढें म्हणून आपण मोकळे होतों. त्या अपघाताची चिकित्सा करण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु वैमानिकांस जें शिकवितात व आमच्या शाळांत जें शिकवीत नाहींत, त्याविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

इंजिन बंद पडलें म्हणजे विमान दगडासारखें खालीं येतें, ही समजूत चुकीची आहे. नाक किंचित् खालीं करून ताशीं सुमारें ११० किलोमीटर वेग राखला, तर हें विमान आपल्या उंचीच्या आठ-नऊ पट अंतर तरंगत जातें. १००० मीटर उंचीवरून वैमानिकास चार मिनिटें तरी मिळतात. आमच्या वारणानगरावर कोणास हा प्रसंग आला, तर त्यानें काय पाहावें? गळिताच्या दिवसांत साखर कारखान्याच्या धुराड्याचा धूर पाहून वाऱ्याची दिशा ओळखावी, कारण उतरावयाचें तें वाऱ्यास सामोरें जाऊन. वरून सपाट दिसणारा उभा ऊस पुरुषभर उंचीहून अधिक वाढलेला असतो. म्हणून तोडणी झालेलें रान निवडावें व सऱ्यांच्या दिशेनेंच चाकें टेकवावीं. आडवें गेल्यास विमान उलटण्याची भीति. विजेच्या तारा वरून दिसत नाहींत, खांब दिसतात. खांबांवरून तारा ताडाव्या.

उड्डाण होतांच, उंची थोडी असतांना इंजिन थांबलें, तर मागें वळून धांवपट्टी गांठावी असा मोह होतो. त्या वळणांत वेग घटतो, पंखांचा आधार सुटतो, आणि पुष्कळांनीं असे प्राण गमाविले आहेत. म्हणून शिक्षक बजावून सांगतात, समोर जें रान असेल त्यांत उतर. विमान मोडलें तरी मोडूं दे, माणूस वांचला पाहिजे. इतकेंच नव्हे, तर सराव करवितांना ते मध्येंच इंजिनाची शक्ति कमी करून विचारतात, ‘आतां कोठें उतरशील?’

हा प्रश्न आम्हीं आमच्या मुलांस कधीं विचारला आहे काय? उंच कसें उडावें, पहिला क्रमांक कसा मिळवावा, हें आम्ही रात्रंदिवस पढवितों. परीक्षेंत अपयश आलें तर कोठें उतरावें, हें शिकविण्यास आमच्याजवळ तास नाहीं. मग निकालाच्या दिवशीं एखादा मुलगा घरीं जाण्यास धजत नाहीं, आणि कधीं कधीं परततच नाहीं. यांत दोष त्याचा एकट्याचा नव्हे. आम्हां शिक्षकांचा व पालकांचाही आहे. गुणपत्रिका हें विमान आहे. तें मोडलें तरी मोडूं द्यावें.

कोणी म्हणतील, अपयशाची तयारी शिकविल्यानें मुलें आळशी होतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. जो शेतांत उतरण्याचा सराव करतो, तोच निघण्यापूर्वीं टांकींतील इंधन स्वतः पाहतो, आणि त्यांत पाणी शिरलें नाहीं ना, हें थोडें काढून तपासतो. पडण्याची जाणीव असलेला मनुष्य अधिक सावध असतो, अधिक आळशी नव्हे.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, तुमच्याकडेही एक काम आहे. १९३० सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील एकट्यानें करावयाच्या उड्डाणासाठीं आगाखानांनीं पारितोषिक ठेविलें होतें. त्या शर्यतींत अस्पी इंजिनिअर हा तरुण मिसर देशांत अबुकीर येथें स्पार्क प्लगसाठीं अडकून पडला, तेव्हां त्याचे प्रतिस्पर्धी जे. आर. डी. टाटा यांनीं आपल्याजवळचा प्लग त्यास दिला. पारितोषिक अस्पीनें जिंकलें; पण टाटांचें नांव त्यामुळें उणें झालें नाहीं. कडबनवाडीसही त्या मुलीकडे प्रथम धांवले ते आसपासचे लोकच. तुमच्या वर्गांतील सोबती असा कोठें रानांत उतरला, तर आधीं धांवा, त्यास हात द्या. इंजिन कां बंद पडलें, याची चौकशी मागाहून करतां येईल.