आधी गावाला विचारा

डिसेंबर २०२३मध्ये दुबईतल्या हवामान परिषदेत देशांनी ठरवलं, २०३०पर्यंत जगाची अक्षय ऊर्जाक्षमता तिप्पट करायची. रत्नागिरीत मात्र वीज म्हटलं की आधी एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प आठवतो, मग माडबन. माडबनच्या जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाला विरोध करताना १८ एप्रिल २०११ रोजी साखरीनाटे गावात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. या प्रकल्पाचे ९,९०० मेगावॅट अजून कागदावरच आहेत. स्वच्छ वीज हवीच, पण ती गावाला विचारून यावी. घराच्या छपरावरच्या सौर पॅनेलसाठी कुणाची जमीन जात नाही. त्यासाठी केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पावसाळ्यात वीज कमी मिळते, हे खरंच. वाचकहो, पॅनेल बसवली असतील, तर अनुभव जरूर कळवा.