सुगंध शाश्वत, आणि मजुरी?

मेहरूणमध्ये दिवेलागणीला घरोघर अगरबत्ती लावली जाते. तिच्या नावात अगर आहे. काडीत तो बहुधा औषधालाही नसतो. खरा अगर, म्हणजेच ऊद, आज आखाती देशांतील आणि युरोपातील धनिकांच्या अंगालाच लागतो. त्या महागड्या बाटल्यांवर अलीकडे ‘शाश्वत स्रोतातून’ असा शिक्का झळकू लागला आहे. शिक्क्याने झाड वाचत असेल तर उत्तमच. परंतु झाड वाचले म्हणजे झाडाखालचा माणूसही वाचला, असे जे गृहीत धरले जाते ते साफ खोटे आहे. आणि त्याचा पुरावा खानदेशातच आहे.

अगर हे ईशान्य भारतातील झाड. खोडाला इजा होऊन बुरशी शिरली की झाड आपल्या बचावासाठी काळपट, सुगंधी राळ तयार करते. बाजारात किंमत आहे ती या राळेला. ती निरोगी झाडात नसते आणि आत आहे की नाही हे बाहेरून खात्रीने कळत नाही; म्हणून एका झाडाच्या आशेने अनेक झाडे आडवी झाली. अगराची प्रमुख जात 1995 साली आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाखाली आली. 2004 मध्ये तिच्या सर्व जातींना ते नियंत्रण लागू करण्याचा ठराव झाला. तरीही दोष द्यायचा तो कुऱ्हाड धरणाऱ्या हाताला! ती कुऱ्हाड कोणाच्या पैशाने चालली, हे विचारण्याची रीत नाही.

आता सातपुड्याकडे पाहावे. येथील रोशा गवत कापले तरी मुळापासून पुन्हा फुटते. पावसाळ्यानंतर ते फुलोऱ्यावर आले की कापायचे, भट्टीवर उकळायचे आणि वाफेबरोबर येणारे तेल धरायचे. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर-नंदुरबारच्या मुलखातील हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांमार्गे तुर्कस्थानात जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. शाश्वततेच्या आजच्या कोणत्याही कसोटीला उतरावा असा हा माल! पण 1878 च्या वनकायद्याने जंगलाची मालकी सरकारने घेतली होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारा भिल्ल आपल्याच रानात परका व मजूर ठरला. गवत दरवर्षी नव्याने उगवले. ते कापणाऱ्याचे दारिद्र्यही दरवर्षी नव्याने उगवले. तात्पर्य, शाश्वत काय राहावे हे मालकी ठरवते, वनस्पती नव्हे.

यावर शहाण्यांचा ठरलेला आक्षेप असा, की जंगल आदिवासींच्या हाती दिले तर ते उरणार नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे त्याला उत्तर आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती येण्यास 2011 साल उजाडले. त्यानंतर गावाने स्वतः बांबू विकला, आणि जंगल जागेवरच आहे. म्हणजे अडथळा आदिवासींच्या अज्ञानाचा नव्हता, खात्याच्या हटवादाचा होता.

हाच कायदा चोपडा, यावल, रावेर, अक्कलकुवा, धडगाव येथेही लागू आहे. गौण वनोपजाची मालकी आणि विक्रीचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणून कार्यकर्त्यांचे काम शिक्क्याचे कौतुक करण्याचे नाही. सामूहिक हक्काचे दावे निकालात निघेपर्यंत पाठपुरावा करणे, भट्टी ठेकेदाराच्या नव्हे तर ग्रामसभेच्या मालकीची असावी यासाठी झगडणे आणि कापणीचा दर कापणीपूर्वी ठरवून घेणे, हे ते काम आहे. केवळ सहकाराची पाटी लावून भागणार नाही. पाटीआड मूठभर धनदांडगे कसे बसतात, हे खानदेशाने पाहिले आहे.

बाटलीवर झाडाची जात छापता येते, तर कापणाऱ्या गावाचे नाव आणि त्याला दिलेला दरही छापता येईल. ते छापण्याची ज्यांना लाज वाटते, त्यांनी शाश्वततेची भाषा बोलू नये.