समजून घ्या : परवान्याचे पिस्तूल जवळ बाळगताय? आधी होल्स्टर बघा, मग बोअर

१ ऑक्टोबर २०२४ ची पहाट. अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या पायात घुसली. ठेवताना रिव्हॉल्व्हर हातातून निसटले, असे तेव्हा सांगण्यात आले. दोन दिवस चर्चा झाली आणि विषय संपला. तो संपायला नको होता. कारण स्वसंरक्षणासाठी घेतलेल्या शस्त्राचा रोजचा धोका हल्लेखोराला नसतो. तो बाळगणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना असतो.

कायदा काय सांगतो?

मुंबईत परवाना पोलीस आयुक्त देतात, जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी. शस्त्र नियम २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असली पाहिजे. म्हणजे शर्टाबाहेर डोकावणारी मूठ हा रुबाब नाही, नियमभंग आहे. वरातीत हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

९ मिमी बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाही. बहुतेकांची निवड .३२ बोअरमध्येच होते.

रिव्हॉल्व्हर जाड असते, कपड्याखाली फुगवटा दिसतो. पण सिलिंडर उघडला की काडतुसे आहेत की नाहीत, ते लगेच दिसते. पिस्तूल चपटे, लपवायला सोपे. मात्र मॅगझिन काढले तरी चेंबरमध्ये एक गोळी उरू शकते. ‘रिकामे’ समजलेल्या पिस्तुलातून अपघात होतात, ते यामुळे.

वजनाचेही तसेच. कानपूरच्या कारखान्यात २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ साधारण अर्धा किलोचे. हलके शस्त्र दिवसभर कमरेला जड होत नाही, पण गोळी सुटताना हाताला झटका जास्त देते. म्हणून मूठ हातात नीट बसते का, चाप बोटाच्या आवाक्यात आहे का, हे स्वतः धरून पाहा. जुने रिव्हॉल्व्हर घेत असाल तर एक प्रश्न नक्की विचारा : ते पडले, तर घोडा काडतुसावर आपटण्यापासून रोखणारी आतली यंत्रणा आहे का? काही जुन्या बनावटींत ती नसते.

होल्स्टर का महत्त्वाचे?

चाप पूर्ण झाकणारे, घट्ट होल्स्टर घ्या. पँटमध्ये नुसते खोचू नका. शस्त्र परत ठेवताना घाई नको. शर्टाचे टोक चापात अडकले तरी गोळी सुटते. हातातून निसटले तर झेलायला जाऊ नका, झेलताना बोट नेमके चापावर जाते.

हाताळताना

प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजा. नळी कधीही माणसाकडे नको. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. लक्ष्य आणि त्यामागे काय आहे, ते ओळखल्याशिवाय गोळी नको. पिस्तूल रिकामे करताना आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. घरी शस्त्र कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात. उशीखाली किंवा कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलेले पिस्तूल मुलांना सापडतेच.

परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. नूतनीकरणाच्या वेळी कागद पाहिले जातात, तसा हातही पाहिला जावा. शस्त्र सुरक्षितपणे रिकामे करता येत नसेल, तर ते जमेपर्यंत परवाना थांबवावा. गाडी चालवायला परीक्षा लागते. कमरेला गोळ्या लावून गर्दीत फिरणाऱ्याकडून तेवढी अपेक्षा जास्त नाही.