नेहमीचे टेबल

नोकरीतील बदलीमुळे अथवा शिक्षणाच्या निमित्ताने परक्या शहरात जाऊन राहिलेल्या माणसाला विचारावे, की हे शहर तुम्हाला आपले केव्हा वाटू लागले? त्याचे उत्तर सहसा एखाद्या स्मारकापाशी वा संग्रहालयापाशी जाऊन थांबत नाही. ते थांबते कोपऱ्यावरच्या एखाद्या उपाहारगृहापाशी. तेथील वाढप्याने एके दिवशी न सांगताच कमी साखरेचा चहा आणून ठेवला, किंवा बेकरीच्या मालकाने ‘आज दोघेच? तिसरे कोठे राहिले?’ अशी चौकशी केली, त्या दिवसापासून ते शहर परके उरले नाही. पोटाची भूक कोठेही भागते; ओळखीची भूक भागण्यासाठी मात्र नेहमीचे ठिकाण लागते.

गेल्या काही वर्षांत मित्रमैत्रिणींनी मिळून शहरातील कॅफे, बेकऱ्या, खानावळी आणि उपाहारगृहे धुंडाळण्याची हौस चांगलीच वाढली आहे. महाविद्यालयीन तरुणांपासून सेवानिवृत्तांच्या कट्ट्यापर्यंत सर्व वयोगटांत ती दिसून येते. ही हौस निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु अलीकडे तिला यादीचे वळण लागले आहे. मोबाईलवरील शिफारस वाचायची, ठिकाण गाठायचे, पदार्थाचे छायाचित्र काढायचे आणि यादीतील नाव खोडून पुढच्या रविवारी पुढचे ठिकाण शोधायचे. अशा फिरस्तीत ठिकाणे पुष्कळ पाहून होतात, पण ओळख एकाही ठिकाणी होत नाही. मैत्रीला बसण्यासाठी एक ठिकाण लागते आणि ठिकाणाला टिकण्यासाठी नेहमीचे गिऱ्हाईक लागते. हे परस्परावलंबन ध्यानात घेतले, तर नवे ठिकाण शोधण्याइतकेच जुन्या ठिकाणी पुन्हा जाणेही महत्त्वाचे ठरते.

शहराची ओळख

स्थानिक खाद्यगृहांत शहराचा इतिहास जितका सहज भेटतो, तितका तो क्वचितच अन्यत्र भेटत असेल. कोलकात्याच्या न्यू मार्केटमधील नाहूम ही बेकरी बगदादहून आलेल्या एका ज्यू कुटुंबाने १९०२ साली सुरू केली. आज त्या शहरात ज्यू समाजाची माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पण नाताळच्या दिवसांत सर्व धर्मांचे कोलकातावासी या दुकानासमोर केकसाठी रांग लावतात. केरळातील तलश्शेरी येथे मांबळ्ळी बापू यांनी १८८० साली बेकरी काढली आणि १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्यासाठी नाताळचा केक भाजून दिला, असे तेथे अभिमानाने सांगितले जाते. बंगळुरूच्या बसवनगुडी भागातील ‘विद्यार्थी भवन’ १९४३ सालचे. आसपासच्या शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी ते सुरू झाले, म्हणून त्याचे हे नाव. एका हातावर डोशांच्या बशांची चळत पेलत येणारा तेथील वाढपी पाहण्यासाठी आजही दाराबाहेर तिष्ठणारी मंडळी असतात.

गोव्यात पाव आला तो सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर. पीठ फुगवण्यासाठी तेथील पोदेरांनी माडाची सूर वापरली आणि त्यातून पोई, उंडो, कांकण असे खास गोव्याचे प्रकार रुजले. आता बहुतेक भट्ट्यांतून सुरेची जागा यीस्टने घेतली आहे. पण सकाळ-संध्याकाळ सायकलचा भोंगा वाजला, की घराघरांतून माणसे पिशवी घेऊन बाहेर येतात. मुंबईच्या माटुंग्यात दक्षिणेकडून पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांना घरचे जेवण मिळावे म्हणून खानावळी निघाल्या. रामा नायक यांचे ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ हे त्यांतील १९४२ सालचे. केळीच्या पानावरचे ते जेवण आज मराठी आणि गुजराती माणूसही तितक्याच आवडीने जेवतो.

या साऱ्या उदाहरणांत एक समान सूत्र आहे. कोणी तरी परक्या गावी आले, त्याने आपली चव बरोबर आणली आणि गावाने ती स्वीकारली. चार मित्र अशा ठिकाणी जाऊन बसतात, तेव्हा ते नकळत त्या स्वीकारात सहभागी होत असतात.

केवळ प्रेम पुरत नाही

मात्र अशा ठिकाणांविषयी प्रेम वाटणे आणि ती टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुंबई-पुण्याचे इराणी हे त्याचे बोलके उदाहरण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी इराणच्या यझ्द, किरमान या भागांतून आलेल्या लोकांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चहाची दुकाने थाटली. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतींवर आरसे आणि काचेच्या बरण्यांत खारी, नानकटाई. बन-मस्का आणि एक कप चहा एवढ्या भांडवलावर गिरणी कामगार, कचेरीतला कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी एकाच प्रकारच्या खुर्चीवर बसू शकत असे. कुटुंबांसाठी आणि स्त्रियांसाठी ‘फॅमिली रूम’ची सोयही अनेक ठिकाणी होती. मुंबईतील कयानी (१९०४) आणि ब्रिटानिया (१९२३), पुण्याच्या डेक्कनवरील गुडलक (१९३५) ही नावे आजही घेतली जातात. तथापि एकेकाळी शेकड्यांनी असलेल्या या दुकानांपैकी आज मोजकीच उरली आहेत. जागेचे वाढलेले मोल, पुढच्या पिढीने पत्करलेले निराळे व्यवसाय आणि चहा-पावातील तुटपुंजा नफा, अशी त्यामागची कारणे आहेत. धोबीतलावच्या बस्तानीतील सूचनांच्या पाटीवरून निसीम इझिकेल यांना एक कविता सुचली. कविता राहिली, बस्तानी राहिले नाही.

काळाघोडा येथील ‘वेसाइड इन’चीही तीच कथा. कवी अरुण कोलटकर वर्षानुवर्षे दर गुरुवारी दुपारी तेथे मित्रांसह बसत. त्या खिडकीतून दिसणाऱ्या चौकाचे आणि तेथील माणसांचे चित्रण त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी संग्रहात आले. परंतु ते उपाहारगृह कोलटकरांच्या हयातीतच बंद पडले आणि या मित्रमंडळाने आपली गुरुवारची बैठक फोर्टमधील ‘मिलिटरी कॅफे’त हलवली. बैठक मोडू नये यासाठी दुसरे साधे, परवडणारे टेबल शहरात शिल्लक होते, ही बाब येथे महत्त्वाची आहे. तसे टेबलच उरले नसते, तर काय झाले असते?

कॉफी हाउसचा धडा

याच्या उलट बाजूचे उदाहरण इंडियन कॉफी हाउसचे. कॉफी बोर्डाने चालवलेली ही उपाहारगृहे १९५० च्या दशकात बंद करण्याचे ठरले आणि कामगारांवर बेकारीची पाळी आली. तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था स्थापन केल्या व उपाहारगृहे स्वतः चालवावयास घेतली. पहिली संस्था १९५७ साली बंगळुरूत निघाली, पाठोपाठ दिल्लीत आणि इतरत्र. पांढरा गणवेश आणि तुरेदार फेटा घातलेला तेथील वाढपी त्या संस्थेचा भागधारकही असू शकतो. तिरुवनंतपुरम येथील बस स्थानकाजवळची शाखा तर वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी नागमोडी चढत जाणाऱ्या मनोऱ्याच्या रूपात उभारली आहे.

कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाउसची हकिकत आणखी बोधप्रद आहे. १९५८ साली ते बंद करण्याचा निर्णय झाला असता प्रेसिडेन्सी कॉलेज व कलकत्ता विद्यापीठातील प्राध्यापकांनी सरकारकडे विनंतिअर्ज केला आणि त्याच वर्षी ते पुन्हा उघडले. पुढे मन्ना डे यांच्या आवाजात पांगलेल्या मित्रांच्या आठवणींचे जे बंगाली गीत घरोघरी पोहोचले, ते याच ठिकाणावरचे. मित्र पांगले तरी टेबल जागेवर राहिले, कारण गिऱ्हाइकांनी ते वेळेवर मागितले. ठिकाण बंद झाल्यावर हळहळणारे पुष्कळ असतात. ते चालू असताना नेमाने जाणारेच त्याला तारतात.

सर्वांत हलका खिसा

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती थेट मैत्रीशी निगडित आहे. शाळा-महाविद्यालयात सर्वांचे खिसे जवळपास सारखेच रिकामे असतात. पुढे कोणाला मोठा पगार मिळतो, कोणाचा धंदा बसतो, कोणाची नोकरी जाते, कोणावर आजारपणाचा खर्च कोसळतो. अशा वेळी मित्रमंडळ महागड्या ठिकाणी जमू लागले, की एखादा मित्र ‘या रविवारी जमणार नाही’ असे सांगू लागतो. दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा त्याला कोणी विचारत नाही. त्याच्या न येण्याचे कारण वेळ नसून बिल होते, हे इतरांच्या लक्षातही येत नाही. बिलाचे सारखे भाग करण्याच्या रिवाजात ज्याने नुसता चहा घेतला तोही मेजवानीचा वाटा उचलतो आणि संकोचापोटी गप्प राहतो.

म्हणून ठिकाणाची निवड मंडळींतील सर्वांत हलक्या खिशाकडे पाहून व्हावी, हा साधा नियम पाळण्यासारखा आहे. कोपऱ्यावरचे उडुपी, जुनी बेकरी, सहकारी कॉफी हाउस अशा ठिकाणी कोणालाही अवघडल्यासारखे न होता तासभर बसता येते. गावातील अशी परवडणारी टेबले नाहीशी होतात, तेव्हा प्रथम हाच मित्र बैठकीतून गळतो.

दुसरी बाजू

जुने ते सारेच सोने, असे मानण्याचेही कारण नाही. काही जुन्या उपाहारगृहांत स्वच्छता यथातथाच असते, प्रसाधनगृह नसते, ज्येष्ठांना नीट बसता येत नाही. नव्या साखळी कॅफेंनी मुलींच्या गटाला निर्धास्तपणे बसता येईल अशी जागा अनेक शहरांत प्रथमच दिली, हे मान्य करावयास हवे. अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा लहान-मोठ्या सर्वच व्यावसायिकांना लागू आहे. नोंदणी वा परवान्याची पाटी लावलेली आहे की नाही, हे पाहण्यात ग्राहकाने संकोच बाळगू नये. जुनेपणाची पुण्याई अस्वच्छतेचे समर्थन करू शकत नाही.

ग्राहकांच्या बाजूनेही काही चुकते. एका कॉफीवर चौघांनी तीन तास काढणे ही रम्य आठवण असेल, पण गर्दीच्या वेळी ती मालकाच्या गल्ल्याला लागलेली गळती असते. दुपारच्या निवांत वेळी खुशाल बसावे. दाराशी माणसे ताटकळत असतील, तर टेबल मोकळे करून द्यावे. भाजी खारट झाली तर घरी जाऊन मोबाईलवर कडवट अभिप्राय लिहिण्यापूर्वी गल्ल्यावरील मालकाला ते शांतपणे सांगावे. नेहमीच्या गिऱ्हाइकाची तक्रार मालक सहसा मनावर घेतो, कारण तो उद्याही येणार आहे हे त्याला ठाऊक असते. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून टपरीवरही मोबाईलने पैसे देता येतात. अशा व्यवहारांची खात्यात नोंद राहते आणि खेळत्या भांडवलासाठी बँकेकडे जाणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला आपली उलाढाल दाखवण्यास ती उपयोगी पडू शकते. चार मित्रांचा चहा त्या अर्थाने केवळ चहा राहत नाही.

एक छोटा शिरस्ता

या सर्वांतून एक छोटा शिरस्ता सुचवता येईल. महिन्यातून एकदा मंडळींनी अवश्य नवे ठिकाण शोधावे. अनोळखी गल्लीत शिरावे, अनोळखी पदार्थ मागवावा, तो कोठून आला हे विचारावे. पण महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, जुन्याच ठिकाणी बसावे. कोणी आधी कळवले नाही तरी तेथे कोणी ना कोणी असेल, अशी खात्री असावी. बेत आखावा लागत नाही, निमंत्रण द्यावे लागत नाही, आणि ज्याचे दिवस वाईट चालले आहेत त्यालाही कारण न सांगता येऊन बसता येते.

बचतीचे मोल थोडी थोडी रक्कम नेमाने भरणाऱ्याला कळते. ठिकाणांचे आणि मित्रांचेही तसेच आहे. येत्या रविवारी नव्या ठिकाणाचा शोध घेण्यापूर्वी, ज्या उपाहारगृहात पूर्वी चौघे मिळून जात होते, ते अद्याप चालू आहे का, एवढे जरूर पाहून यावे. चालू असेल, तर उरलेल्या तिघांना तेथूनच दूरध्वनी करावा.