जोडलेली छायाचित्रे आणि गाळलेली ओळ

सूर्याच्या किरीटाचे, म्हणजेच करोनाचे, एखादे देखणे छायाचित्र विज्ञानवार्तेत झळकले की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक गट म्हणतो, ‘ही संगणकाची करामत आहे, हे खरे छायाचित्रच नव्हे.’ दुसरा गट ते कॅमेऱ्याने एका क्षणात टिपलेले दृश्य समजून स्तिमित होतो. दोघेही चुकतात. त्यांना चुकू देण्याचा दोष मात्र चित्राखालची एक आवश्यक ओळ गाळणाऱ्यांचा आहे.

प्रथम पहिल्या आक्षेपाचा समाचार घ्यावा लागेल. संपूर्ण किरीटाचा प्रकाश सूर्यबिंबाच्या प्रकाशाच्या सुमारे दहा लक्षांश असतो. या विषमतेचा अर्थ झाशी जिल्ह्यातील गुरसराय या गावाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. एके काळी खेर या मराठी घराण्याची जहागीर असलेले हे गाव दोन खग्रास पट्ट्यांच्या मधोमध सापडले. 24 ऑक्टोबर 1995 चा पट्टा फत्तेपूर सिक्रीवरून जाताना त्याच्या उत्तरेस राहिला, तर 22 जुलै 2009 चा पट्टा भोपाळ-वाराणसी मार्गाने दक्षिणेकडून गेला. दोन्ही वेळा गुरसरायला ग्रहण खंडग्रासच होते. बिंबाचा केवळ शंभरावा भाग उघडा राहिला, तरी त्याचे तेज संपूर्ण किरीटाच्या दहा हजार पट भरते. त्यामुळे आकाश कितीही निरभ्र असले, तरी अशा ठिकाणाहून किरीट दिसणे शक्य नसते.

खग्रास पट्ट्यात उभे राहिल्यानेही प्रश्न मिटत नाही. चंद्राच्या कडेलगतचा किरीट आणि दोन-तीन सूर्यत्रिज्या दूरचा किरीट यांच्या तेजात शेकडो पटींचा फरक असतो. आता संवेदकाची मर्यादा पाहा. एका पिक्सेलमध्ये 50,000 इलेक्ट्रॉन मावतात असे समजू. फोटॉनांच्या मोजणीतील अनिश्चितता संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. म्हणून 1 टक्का अचूकतेसाठी किमान 10,000 इलेक्ट्रॉन जमावे लागतात. म्हणजे एका एक्स्पोजरमध्ये तेवढ्या अचूकतेने मोजता येणारा तेजाचा आवाका अवघा पाचपट! कडेचा भाग नीट मोजावा तर बाहेरचा भाग गोंगाटात बुडतो, आणि बाहेरचा मोजावा तर कडेचा भाग संपृक्त होऊन पांढरा ठिक्कर पडतो.

यावरचा उपाय साधा आणि प्रामाणिक आहे. निरनिराळ्या कालावधीची एक्स्पोजर घ्यावीत, संपृक्त पिक्सेल वगळावेत, उरलेली प्रत्येक किंमत एक्स्पोजरच्या कालावधीने भागावी आणि अनिश्चिततेनुसार भारित सरासरी काढावी. नेहमीच्या कॅमेऱ्याचा प्रतिसाद सरळरेषीय नसतानाही हे कसे साधावे, याची सुप्रसिद्ध पद्धत पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी 1997 साली मांडली. बहुमापकाची श्रेणी बदलून लहान-मोठे विद्युतप्रवाह मोजणाऱ्या विद्यार्थ्यावर कोणी बनवेगिरीचा आरोप करीत नाही. मग तोच न्याय येथे का नको?

ही कल्पना संगणकाने जन्माला घातलेली नाही. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणात सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे लिक वेधशाळेच्या कॅम्पबेल यांनी 40 फूट नाभीय लांबीच्या कॅमेऱ्यावर काचपट्ट्यांना कमी-अधिक काळ प्रकाश दिला. त्याच ग्रहणात वऱ्हाडातील तळणी येथून ॲनी माँडर यांनी एका लहान कॅमेऱ्याने किरीटाचा अतिदीर्घ झोत टिपला. आतला आणि बाहेरचा किरीट एकाच पट्टीवर नीट उमटत नाही, हे त्या काळच्या निरीक्षकांना पुरते ठाऊक होते. म्हणून अनेक पट्ट्या समोर ठेवून हाताने संयुक्त चित्र रेखाटले जाई.

खरी गफलत पुढच्या पायरीवर होते. जोडणीतून मिळालेला विशाल आवाका 256 पातळ्यांच्या सामान्य प्रतिमेत मावत नाही, म्हणून तो दाबला जातो. बहुतेक वेळा ही दाबणी चित्रभर सारखी नसते. बाहेरचे क्षीण झोत उजळले जातात, आतले तेज खाली आणले जाते. रचना दाखवण्यासाठी हे उत्तमच. परंतु त्यानंतर पिक्सेलची किंमत तेजाचे माप राहत नाही. जोडणीने माहिती वाढते, दाबणीने ती घटते. या दोन क्रियांना ‘एचडीआर’ या एकाच नावाखाली कोंबणे हा भौतिकीशी द्रोह आहे. अशा चित्रावरून किरीटाच्या तेजाचा आलेख काढणारा विद्यार्थी सूर्याचा नव्हे, सॉफ्टवेअरचा अभ्यास करीत असतो.

त्याहून घातक आहे तिसरी क्रिया, म्हणजे नसलेला तपशील भरणे. चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र पडद्यावर ठेवून मोबाइलने टिपले, तर फोन त्यात स्वतःच विवरे रेखतो का, यावर 2023 साली जगभर वाद रंगला. मोजमाप, मांडणी आणि मनगढंत यांतील सीमारेषा वाचकाला कोणी सांगितलीच नाही, तर तो सगळ्यावरच अविश्वास दाखवणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

‘सामान्य वाचकाला हे तपशील नको असतात’ ही सबब वाचकाचा अपमान करणारी आहे. पुण्याच्या आयुकात घडलेली ‘सूट’ ही दुर्बीण आदित्य-एल1 वरून 200 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीत सूर्य न्याहाळते. त्या मोहिमेची विदा अभ्यासकांना खुली आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या या प्रकाशाला चित्रात दिलेला रंग माणसाने निवडलेला असतो, हे वाचकाला समजते. मग एक्स्पोजरची संख्या सांगितली तर ते समजणार नाही, असे मानण्याचे कारण काय?

मागणी माफक आहे. किती एक्स्पोजर जोडली, प्रत्येकाचा कालावधी किती, तेजाची दाबणी केली का, आणि मूळ चौकटी कुठे मिळतील, हे चित्राखाली छापावे. 20 मार्च 2034 रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा लडाखवरून जाईल. आज शाळेत असलेली मुले तेव्हा कॅमेरे घेऊन तेथे उभी असतील. त्यांनी ही नोंद ठेवण्याची सवय आजच्या विज्ञानवार्तांतून उचलायची आहे. हा मजकूर एका ओळीत बसतो. ती ओळ छापण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी आपल्या मजकुराला विज्ञानवार्ता म्हणू नये.