उत्तराआधीच्या तीन ओळी

या आठवड्यात चांदवडला पेपरात घालून घरोघर एक पत्रक आलं. नाशिकच्या एका क्लासची सीईटीच्या गणिताची झटपट बॅच. ‘गणित सोडवत बसू नका, पर्याय तपासा’ असं वर ठळक छापलंय. कॉलेज आणि क्लास यांच्या संगनमताने चालणाऱ्या ‘इंटिग्रेटेड’बद्दल माझं मत वाईटच आहे. 2018 मध्ये बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला, तरी नाव एका गावच्या कॉलेजात आणि पोरगं दुसऱ्या गावच्या क्लासात, हा प्रकार काही थांबला नाही. पण तिथे निदान शिकवायचं नाटक तरी होतं. हे पत्रक तर शिकणंच टाळायला सांगतंय, आणि त्याचे पैसे मागतंय.

पालकांची घालमेल मला कळते. गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, वेळ 90 मिनिटं. एका प्रश्नाला पुरती दोन मिनिटंही मिळत नाहीत. 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. इंजिनिअरिंगला बारावीचे मार्क पात्रतेपुरते. मग बापाला वाटतं, युक्तीने जमत असेल तर जमू दे.

जमत नाही. निदान बीजगणितात तरी नाही. ओळखीच्या बारावीच्या काही मुलांना मी एक प्रश्न घातला. ए हा मॅट्रिक्स आहे. ए वर्ग वजा पाच ए अधिक सात आय बरोबर शून्य. तर ए इन्व्हर्स किती? दोन बाय दोनची युक्ती सगळ्यांना तोंडपाठ होती : मुख्य कर्णावरच्या आकड्यांची अदलाबदल करा, उरलेल्या दोघांची चिन्हं बदला, डिटर्मिनंटने भागा. पण इथे आकडेच नव्हते. ‘सर, मॅट्रिक्स कुठे दिलाय?’ एकाने विचारलं. दुसऱ्याने आय म्हणजे एक धरला आणि सरळ ए ने भागायला घेतलं. मॅट्रिक्सने भागता येत नाही, म्हणून तर इन्व्हर्स लागतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ए इन्व्हर्सने दोन्ही बाजूंना गुणा. ए वर्गाचा ए होतो, पाच ए चे पाच आय, सात आय चे सात ए इन्व्हर्स. पक्षांतर करा. उत्तर : पाच आय वजा ए, भागिले सात. तीन ओळी, अर्ध्या मिनिटाचं काम. ज्याला समजलंय त्याच्यासाठी याहून जवळचा रस्ता नाही. एका मुलीने तिन्ही ओळी नीट मांडल्या आणि शेवटच्या पक्षांतरात चिन्ह बदलायचं राहिलं. तिला ए वजा पाच आय, भागिले सात मिळालं. पर्यायांत तेही होतं. पेपर काढणारे असली चूक हेरूनच पर्याय ठेवतात. ही बारावीची चूक नाही, आठवीतली आहे. चार वर्षं ती कुणी पकडली नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि पर्यायांवर विसंबायचं तर 27 एप्रिल 2025 आठवा. त्या दिवशी सीईटीच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या 21 प्रश्नांचे पर्यायच चुकले होते. 5 मे रोजी हजारो मुलांना पुन्हा बसावं लागलं. त्या सकाळी ज्यांनी प्रश्न सोडवला, त्यांना निदान इतकं तरी कळलं की आपलं उत्तर समोरच्या चारांत नाही. जे नुसते पर्याय तपासत होते, त्यांच्या हाती काय होतं?

आता पैशाचं बोलतो. गणित शिकवण्याचा खर्च कोणी उचलायचा, याचं जुनं उदाहरण आपल्या जवळच आहे. मनमाड, नांदगाव ओलांडून गेलं की चाळीसगाव, आणि तिथून जवळ पाटण. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. बीजगणित हा त्याचाच एक भाग. त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. तिथल्या शके 1128 च्या शिलालेखात निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि ते दान कुठून यायचं हेही त्यात आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या उत्पन्नाचा वाटा, तेलाच्या घाण्यावरचं तेल. म्हणजे गणित शिकवण्याचा भार गावच्या बाजाराने उचलला होता, आणि तशी नोंदही जुन्या मराठीत, बाजारातल्या माणसाला कळेल अशी कोरून ठेवली होती. काळ वेगळा, राजे वेगळे, मठात कोणाला प्रवेश असेल हाही प्रश्नच; तरी मला ही तुलना सोडवत नाही. आपल्याकडे बाजार त्याहून मोठा आहे. रोज कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीत रांगेने लागतात. त्या कांद्याची पट्टी बापाच्या हातात पडते आणि तिच्यातला मोठा हिस्सा आग्रा रोडने नाशिकला जातो, पक्षांतरात चिन्ह का बदलतं हे न शिकवणाऱ्या क्लासकडे.

गणित शिकवण्याचा भार बाजाराने उचलणं इथेही जमेल. 1928 मध्ये सुरू झालेल्या नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाचं इंजिनिअरिंग कॉलेज आपल्याच चांदवडच्या नेमिनगरला आहे. ज्या दाराशी सीईटी देऊन पोचायचं, ते दार गावात आहे. गणिताचे निवृत्त मास्तर गावात आहेत, इंजिनिअरिंगची तिसऱ्या-चौथ्या वर्षाची पोरं आहेत. बाजार समितीने आणि आडत्यांनी मिळून खर्च उचलावा, शाळांनी शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी एकेक वर्ग उघडून द्यावा. आठवी ते दहावीची मुलं, फी नाही. खेड्यातून येणाऱ्यांना एसटीचं भाडं. जूनमध्ये सुरुवात करावी, आणि पहिला महिनाभर फक्त चिन्हं, कंस, अवयव आणि पक्षांतर, एकही पर्याय न देता.